काळ्या मातीत रोवलेली छत्री : परभणीजवळच्या एका घरातलं प्रकरण

परभणीपासून जवळच्या गावातलं पत्र्याचं घर. अंगणात लोखंडी पाइप रोवून त्यावर ६० सेंटीमीटरची छत्री बसवलेली. घरात डीडी फ्री डिशचा एमपेग-४ बॉक्स आहे. त्याला महिन्याचा खर्च नाही. आजोबांना सह्याद्रीवरच्या बातम्या आणि शेतीचे कार्यक्रम लागतात, मुलांना सिनेमे.

तक्रार तीन पदरी होती. सकाळी चित्र स्वच्छ, दुपारी वारा सुटला की चौकोन पडू लागतात. पाऊस यायच्या आधीच, नुसतं दाटून आलं तरी निम्मे चॅनल 'नो सिग्नल' दाखवतात. आणि हे सगळं उन्हाळ्यात होत नाही, पावसाळ्यातच होतं. दोन वर्षांत एलएनबी (छत्रीसमोरच्या दांड्यावरचा, सिग्नल पकडून केबलमध्ये सोडणारा भाग) दोनदा आणि बॉक्स एकदा बदलून झाला होता. दर जूनमध्ये कोणीतरी येऊन छत्री हलवून जायचं, पंधरा दिवस बरं चालायचं, पुन्हा तेच.

उन्हाळ्यात ठीक आणि पावसाळ्यात बिघाड, असं दरवर्षी त्याच क्रमाने होत असेल तर दोष बॉक्समध्ये किंवा एलएनबीत असण्याची शक्यता कमी. बॉक्सला ऋतू कळत नाही. मातीला कळतो.

आधी आकडे

फ्री डिशचं प्रक्षेपण जीसॅट-१५ या उपग्रहावरून होतं. हा उपग्रह ११ नोव्हेंबर २०१५ रोजी अवकाशात गेला. तो विषुववृत्ताच्या वर ९३.५ अंश पूर्व रेखांशावर उभा आहे. परभणी ७६.८ अंशाच्या आसपास, म्हणजे उपग्रह आपल्या पूर्वेला आणि दक्षिणेला, बरोब्बर आग्नेयेच्या बाजूला. गणित केलं तर परभणीहून त्याची दिशा उत्तरेपासून घड्याळाच्या क्रमाने १३७.७ अंश आणि क्षितिजापासूनची उंची ६०.४ अंश येते. मराठवाड्यात हे आकडे फार बदलत नाहीत. नांदेडला दिशा १३८.५ आणि उंची ६०.९, लातूरला १३६ आणि ६१, धाराशिवला १३४.८ आणि ६०.८, छत्रपती संभाजीनगरला १३६ आणि ५८.८. चुंबकीय उत्तर आणि खरी उत्तर यांतला फरक आपल्याकडे इतका थोडा आहे की होकायंत्राचा आकडा आहे तसा धरला तरी चालतो.

आता एक गोष्ट नीट समजून घ्यावी लागते, कारण या प्रकरणाचा निम्मा उलगडा तिच्यात आहे. ६० सेंटीमीटरच्या छत्रीचा झोत, म्हणजे तिला आकाशाचा जेवढा पट्टा दिसतो तो, साधारण ३ अंश रुंद असतो. नेम एक अंश चुकला तर सव्वा डेसिबलचा तोटा होतो (डेसिबल हे सिग्नलच्या घटीचं माप, तीन डेसिबल गेले की सिग्नल निम्मा). दोन अंश चुकला तर तोटा दुप्पट होत नाही, चौपट होतो, म्हणजे जवळजवळ पाच डेसिबल. चूक वाढेल तसा तोटा वर्गाच्या हिशेबाने वाढतो. म्हणून 'थोडंसंच हललंय' या शब्दाला इथे अर्थ नाही. किती हललं ते मोजायचं.

दुसरं असं की उपग्रह आपल्याकडे खूप उंचावर आहे. ६० अंश उंचीवर छत्री डावी-उजवी दोन अंश फिरवली तर आकाशातला नेम फक्त एकच अंश सरकतो. पण वर-खाली एक अंश केली तर नेम पूर्ण एक अंश सरकतो. त्यामुळे वर-खालीचा नट डाव्या-उजव्यापेक्षा दुप्पट नाजूक आहे. बहुतेक जण डावं-उजवं घोळवत बसतात आणि वर-खालीच्या नटाला हात लावत नाहीत. नेमकं उलट करायला हवं.

पाहणीत काय दिसलं

रिमोटवरून सिग्नलचं पान उघडलं आणि काहीही हलवायच्या आधी आकडे कागदावर लिहून घेतले. एलएनबीचा प्रकार ९७५०/१०६०० होता, तो बरोबर. चाचणीची फ्रिक्वेन्सी ११०९०, व्हर्टिकल (म्हणजे सिग्नलच्या लहरी उभ्या, आडव्या असतील तर हॉरिझॉन्टल), सिम्बॉल रेट (माहिती येण्याचा वेग) २९५००. स्ट्रेंथ ८१, क्वालिटी ३४. दुपारच्या वाऱ्यात क्वालिटी ३४ वरून २० पर्यंत ये-जा करत होती आणि या बॉक्सवर २५ च्या खाली गेलं की चित्र फुटायचं.

८१ आणि ३४ ही जोडीच सांगून गेली की काय घडलंय. स्ट्रेंथ म्हणजे केबलमधून किती ऊर्जा येते ते. ती कोणत्या उपग्रहाची आहे याच्याशी त्या पट्टीला देणंघेणं नसतं. क्वालिटी म्हणजे आपल्याला हवा तो सिग्नल किती शुद्ध आहे ते. ९३.५ च्या अगदी शेजारी, ९५ अंशावर, दुसरा मोठा डीटीएच उपग्रह आहे. परभणीहून त्याची दिशा १३५.१ आणि उंची ५९.३. आकाशात दोघांत अंतर जेमतेम पावणेदोन अंश. तीन अंशांच्या झोतात दोघंही मावतात. स्ट्रेंथकडे बघून छत्री फिरवली की ती या दोघांच्या मधे कुठेतरी जाऊन थांबते, कारण तिथे दोघांची मिळून ऊर्जा जास्त भरते. दर जूनला हेच होत होतं. स्ट्रेंथची पट्टी हिरवी झाली की काम झालं, असं समजलं जात होतं.

मग खांब. पाइपाला १.२ मीटर उंचीवरून ओळंबा लावला, खाली दोरी पाइपापासून ५ सेंटीमीटर दूर पडली. म्हणजे खांब २.४ अंश कललेला, तोही आग्नेयेकडे, छत्रीच्या तोंडाच्या दिशेने. पायथ्याशी पहार मारून पाहिलं तर काँक्रीट जेमतेम एक फूट खोल, चारी बाजूंनी काळी माती. उन्हाळ्यात याच मातीला हाताचा पंजा जाईल एवढ्या भेगा पडतात, आणि पहिला चांगला पाऊस पडला की ती फुगते, भेगा मिटतात, वर आलेली माती काँक्रीटच्या गोळ्याला ढकलते. ती सगळीकडून सारखी फुगत नाही. या अंगणात न्हाणीचं पाणी वायव्येच्या बाजूने वाहायचं, तिथली माती आधी आणि जास्त फुगायची. गोळा आग्नेयेकडे कलायचा. पुढच्या उन्हाळ्यात माती आखडली तरी गोळा मूळ जागी परत जात नाही. दोन-तीन वर्षांत २.४ अंश झाले.

खांब उभा नसला की आणखी एक घोटाळा होतो. छत्री डावी-उजवी फिरवताना तिची उंचीही आपोआप बदलते. मग दिशा शोधता शोधता उंची बिघडते, उंची सुधारायला गेलं की दिशा बिघडते, आणि माणूस तासभर गोल गोल फिरत राहतो. पाणसळ खांबाला दोन बाजूंनी, एकमेकीशी काटकोनात, लावून खांब बरोबर उभा झाल्याशिवाय नेम धरायचाच नाही.

एलएनबी क्लिपमध्ये सरळ, केबलचं तोंड थेट खाली, असा बसवला होता. हा तिसरा दोष. उपग्रह आपल्या बाजूला असल्यामुळे त्याचं व्हर्टिकल आपल्याला तिरकं दिसतं, परभणीला सुमारे ३९ अंश, लातूरला ४१. छत्रीच्या मागे उभं राहून आकाशाकडे तोंड केलं तर एलएनबी घड्याळाच्या उलट्या क्रमाने साधारण ४० अंश वळवायचा, सुरुवात तिथून करायची आणि शेवटचा शब्द क्वालिटीचा. दहा अंशांची चूक इथे खपून जाते, पण चाळीसची नाही. सरळ ठेवलेल्या एलएनबीने सव्वादोन डेसिबल खाल्ले, वर हॉरिझॉन्टलचा नको असलेला सिग्नल आत शिरला तो वेगळा.

नेम सव्वा अंश चुकलेला होता, ते पुढे मोजून कळलं. त्याचे दोन डेसिबल. एलएनबीचे सव्वादोन. बेरीज सव्वाचार. येणाऱ्या शंभरातले सुमारे सदतीसच हाती लागत होते. स्वच्छ आकाशात तेवढ्यावर चित्र चालतं, कारण डिजिटल सिग्नल उंबरठ्याच्या वर असेपर्यंत चित्र अगदी सुबक दिसतं, काही कमी आहे हे कळतच नाही. पावसाच्या ढगाने आणखी थोडं खाल्लं की उंबरठा ओलांडला जातो. 'ढग आले की जातं' याचं मूळ ढगात नव्हतं.

दुपारच्या वाऱ्याचं कारण मात्र निराळं निघालं. अंगणात कडुलिंब आहे. ६० अंश उंचीसाठी अडथळ्याचा हिशेब सोपा आहे : छत्रीपासून अडथळ्याचं आडवं अंतर गुणिले १.७६, तेवढ्यापेक्षा जास्त उंच (छत्रीच्या वर) काही असेल तर ते आडवं येतं. बुंधा ५ मीटरवर, शेंडा छत्रीच्या साडेसात मीटर वर. मर्यादा ८.८ मीटर, त्यामुळे शेंडा आड येत नव्हता. पण एक फांदी छत्रीच्या दिशेने पुढे आलेली होती, दोन मीटरवर, छत्रीहून साडेतीन मीटर उंच. दोन गुणिले १.७६ म्हणजे साडेतीन. फांदी अगदी झोताच्या काठावर होती. वारा नसताना ती झोताच्या बाहेर असायची, वाऱ्याने डुलली की आत यायची. पावसाने भिजलेली पानं तर कोरड्या पानांपेक्षा कितीतरी जास्त अडवतात.

केबलचं थोडक्यात सांगतो. २२ मीटर आरजी-६, मधे एक जोड, तारा पिळून वर चिकटपट्टी गुंडाळलेली. जोड उघडला तर तांब्याची वेणी हिरवी पडलेली. असा जोड राहू द्यायचाच नाही, अखंड केबल टाकायची. एलएनबीच्या तोंडावरची प्लास्टिकची टोपी तडकलेली होती आणि आत कुंभारीण माशीने मातीचं घर बांधायला सुरुवात केली होती. हे मराठवाड्यात इतकं नेहमीचं आहे की टोपीकडे पहिल्यांदा बघावं.

काम कसं केलं

नवा खड्डा जुन्या जागेपासून दीड मीटर ईशान्येला घेतला. तिथून कडुलिंबाच्या फांदीचं आडवं अंतरही वाढलं. काळी माती अडीच फुटांपर्यंत होती, त्याखाली पिवळट मुरूम लागला. खड्डा तीन फूट नेला, म्हणजे पायाचा तळ मुरमात बसेल. मुरूम फुगत नाही, तिथे बसलेला पाया बसून राहतो. पाइप दोन इंची जीआय, खालच्या टोकाला दोन आडव्या सळया वेल्ड केलेल्या, म्हणजे वाऱ्याने खांब स्वतःभोवती फिरणार नाही. सिमेंट, वाळू, खडी १:२:४, सुमारे ४० सेंटीमीटर चौरसाचा खांब भरायला एक पोतं सिमेंट पुरलं. वरच्या दोन फुटांत काँक्रीट आणि काळी माती यांच्यामध्ये मुरूम ठासला. कारण माती फुगताना काँक्रीटला बाजूने धरून उचलते, मधे मुरूम असला तर ती पकड सुटते. न्हाणीच्या पाण्याची सारणी दुसरीकडे वळवली. पाइप पाणसळीने दोन्ही बाजूंनी उभा करून चार काठ्यांनी आधार दिला आणि सात दिवस पाणी मारलं. छत्री त्यानंतरच चढवली.

घरावर स्लॅब असता तर एवढं करावंच लागलं नसतं : प्लेट, दहा मिलिमीटरचे चार एक्सपान्शन बोल्ट आणि झालं. पत्र्यावर मात्र छत्री बसवू नये. पत्रा उन्हाने ताणतो, वाऱ्याने थरथरतो. दगड-मातीच्या भिंतीत एक्सपान्शन बोल्ट धरत नाहीत, आज घट्ट वाटला तरी पावसाळ्यात ढिला होतो.

छत्री चढवायच्या आधी तिचा आकार तपासला. दोन दोऱ्या कडेपासून कडेपर्यंत एकमेकींना छेदतील अशा ताणल्या. मधे एकमेकींना हलक्या टेकल्या तर छत्री वाकलेली नाही. इथे टेकल्या. फट पडली असती तर नेमाची मेहनत वाया गेली असती, पिळलेल्या छत्रीला कितीही फिरवलं तरी पूर्ण सिग्नल एका ठिकाणी जमत नाही.

उंची. ही ऑफसेट छत्री आहे, ती दिसते त्यापेक्षा वर बघते, साधारण २५ अंश वर. म्हणून ६०.४ अंशांसाठी तिचं तोंड फक्त ३५ अंश मागे झुकलेलं हवं. कंपास-कोनमापक नसला तरी चालतं : वरच्या कडेवरून ओळंबा सोडा, ६५ सेंटीमीटर उंच छत्रीला दोरी खालच्या कडेच्या मागे ३६ ते ४० सेंटीमीटर पडली की जवळ पोहोचलात. पुढचं बारीक काम क्वालिटीच्या आकड्यावर.

दिशा. मोबाइलचं होकायंत्र पाइपाजवळ धरलं तर लोखंडामुळे दहा-पंधरा अंश सहज चुकतं. म्हणून पाइपापासून चार मीटर मागे, वायव्येला जाऊन उभं राहिलो, मोबाइल आठच्या आकड्यासारखा हलवून सुधारून घेतला, १३८ अंशावर दूरवरची एक खूण धरली आणि पाइपाच्या रेषेत काठी रोवली. छत्रीचा मध्य काठीच्या आणि खुणेच्या रेषेत आणला. नट असे आवळले की हात लावला तर हलेल, सोडला तर थांबेल.

मग एक माणूस टीव्हीजवळ, एक छत्रीजवळ. हलवायचं अगदी थोडं, कडेला अर्धा सेंटीमीटर म्हणजे दिशेत एक अंश, आणि दोन-तीन सेकंद थांबायचं. बॉक्सला आकडा बदलायला तेवढा वेळ लागतो. जे थांबत नाहीत ते खऱ्या जागेवरून पुढे निघून जातात. क्वालिटी आली, ५८. स्ट्रेंथ तेव्हा ७६, म्हणजे आधीपेक्षा कमी. हेच बरोबर होतं, छत्री शेजाऱ्यापासून दूर आली होती.

आता मधली जागा. छत्री पश्चिमेकडे सरकवत नेली, क्वालिटी ४५ ला आली तिथे पाइपावर पेन्सिलने रेघ मारली. पूर्वेकडे नेली, ४५ ला पुन्हा रेघ. दोन्ही रेघांच्या बरोबर मधे छत्री आणली. वर-खालीही असंच, फक्त सावकाश, निम्म्या टप्प्याने. कमाल आकड्याचा शोध घेण्यापेक्षा दोन्ही बाजूंच्या सारख्या घटीचा मध्य काढणं नेहमी जास्त अचूक येतं, कारण माथ्यावर आकडा सपाट असतो, उतारावर तो पटकन बदलतो.

एलएनबी वळवला. सरळ असताना ५८, तीस अंशांवर ६७, चाळीसच्या जवळ ७१, पन्नासला ६९. चाळीसजवळ ठेवून क्लिप आवळली.

आणि मग ओलं गोणपाट. रिकाम्या पोत्याचं गोणपाट पाण्यात बुचकळून पिळलं आणि छत्रीच्या तोंडावर पसरलं. क्वालिटी ७१ वरून ४९ वर आली. गोणपाट तसंच ठेवून वर-खालीचा नट एका सुताएवढा वर घेतला, ४९ चे ५३ झाले, उलट घेतल्यावर पुन्हा ४९. म्हणजे कोरड्या छत्रीवर जो मध्य वाटत होता तो किंचित खाली होता. सिग्नल भरपूर असला की बॉक्सचा आकडा वरच्या टोकाला अडकल्यासारखा होतो, फरक दाखवत नाही. पावसाची ही नक्कल केली की खरा मध्य उघडा पडतो. गोणपाट काढल्यावर कोरडी क्वालिटी ७२. पंचवीसच्या उंबरठ्यापासून आता भरपूर अंतर होतं.

नट आवळताना छत्री सरकते, विशेषतः वर-खालीचा. म्हणून एक नट थोडा, मग समोरचा थोडा, असं आळीपाळीने, आणि टीव्हीजवळच्या माणसाने दर वेळी आकडा ओरडून सांगायचा. शेवटी कडेला पक्क्या रंगाने खुणा केल्या. पुढे कधी हललं तर खूण सांगेल की छत्री हलली की खांब.

केबल अखंड टाकली. एफ-कनेक्टरमध्ये वेणीचा एक केस मधल्या तारेला टेकला तरी बॉक्स शॉर्ट दाखवतो, म्हणून कापल्यावर तोंड डोळ्यासमोर धरून बघावं. एलएनबीच्या खाली केबलचा एक झोका सोडला, पाणी कनेक्टरवर न जाता झोक्याच्या तळातून गळून जातं. कनेक्टरवर स्वतःला चिकटणारी रबरी पट्टी, नवीन टोपी. बॉक्समधून व्हर्टिकलसाठी १३ व्होल्ट केबलमार्गे वर जातात, त्यामुळे कनेक्टर लावताना-काढताना बॉक्स बंद ठेवला. खांबाला अर्थिंगची तार जोडली आहे, तरीही मृगाच्या आणि परतीच्या विजांत केबल आणि प्लग दोन्ही काढून ठेवायचे असं घरच्यांना सांगितलं आहे. मराठवाड्यात विजा पडतात त्या थट्टेवारी नेण्यासारख्या नाहीत.

पुढचे पंधरा दिवस

सप्टेंबरच्या उरलेल्या पावसात दोनदा चित्र गेलं, दोन्ही वेळा सरी इतक्या जोरात होत्या की समोरचं घर दिसत नव्हतं. आठ-दहा मिनिटांत परत आलं. कू-बँडमध्ये, म्हणजे हा सिग्नल येतो त्या फ्रिक्वेन्सीच्या पट्ट्यात, एवढा पाऊस छत्री कितीही नीट असली तरी झोत खातोच. दाटून आल्यावर जाणं पूर्ण थांबलं.

फांदी तोडायची की नाही, यावर घरात मतं वेगळी होती. तोडायच्या आधी सूर्याला विचारलं. ऑक्टोबरच्या १ तारखेच्या आगेमागे दोन-तीन दिवस, परभणीला सकाळी अकराच्या पाच-दहा मिनिटं आधी, सूर्य आकाशात नेमका या उपग्रहाच्या जागी येतो. (मार्चमध्ये १२ च्या सुमारास, सव्वाअकराला.) तेव्हा सूर्याच्या गोंगाटाने काही मिनिटं चित्र जातं, तो बिघाड नव्हे. पण त्याच क्षणी छत्रीवर फांदीची सावली पडते का ते डोळ्यांनी दिसतं. सावली जिथे, अडथळा तिथे. त्या सकाळी छत्री उन्हात लख्ख होती, फांदीची सावली तिच्या वरच्या कडेपासून वीतभर बाहेर पडत होती. छत्री ओल्या फडक्याने पुसली तेव्हा ओल्या पृष्ठभागावरून परतलेला उजेड गोळा होऊन एलएनबीच्या टोपीवर पांढरा ठिपका झाला, टोपीच्या मधोमध.

फांदी या वर्षी ठेवली. मार्चमध्ये १२ तारखेला पुन्हा बघायचं आहे, तोवर वीतभराचं अंतर किती उरतं त्यावर ठरेल.